सातबाऱ्यावर नाव नाही: रतनगडाखाली होमस्टे आणि गाईडचं काम सुरू करताना

रात्रीच्या जेवणानंतर पाहुण्यांपैकी कोणीतरी पडवीत रेंगाळतं आणि हमखास विचारतं, "ताई, इथे जागा कशी घेतलीत?" घेतलेली नाही. घेताही येणार नाही. एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही, म्हणून सगळं एकदा लिहून काढते. नोकरी सोडून डोंगरात राहायला जाणाऱ्यांच्या गोष्टींत धाडस, स्वातंत्र्य वगैरे भरपूर वाचायला मिळतं. घराचा उतारा कोणाच्या नावावर आहे, तो माणूस हयात आहे का, हे आधी बघून घ्या असं मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी ठाण्याची. विमा कंपनीत क्लेम पास करण्याचं काम करायचे आणि सुट्टी मिळाली की गडावर. २०१८ च्या मे महिन्यात उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंगमधून बेसिक कोर्स केला. ज्यांना पुढे हे काम करायचं आहे त्यांनी तो जरूर करावा, पण जागा फार आधी भरतात, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्याचा विचार आदल्या उन्हाळ्यातच करावा लागतो. तिथलं बर्फातलं शिक्षण सह्याद्रीत कुठे वापरणार, असं लोक विचारतात. बर्फाचं नाही वापरत. पण दोर कसा ठेवायचा, दमलेला माणूस बोलण्यावरून कसा ओळखायचा, गटाच्या शेवटी कोणी चालायचं, हे तिथे अंगात मुरतं. शिवाय सरकारी अर्जाला जोडायला एक कागद मिळतो. तो नंतर माझ्या फार कामी आला.

राजीनामा दिला एप्रिल २०२२ मध्ये. हाताशी साडेसहा लाख आणि घरखर्चापुरती वेगळी ठेव. अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या फुगवट्याला लागून, रतनगडाच्या पायथ्याकडच्या एका वाडीत गेले. तिथले एक दादा आमच्या ट्रेकच्या गटांना वर्षानुवर्षं गड दाखवत आले आहेत. मे अखेरीला काजव्यांचा हंगाम होता. वहिनींच्या हाताखाली भाकऱ्या थापणं, गाड्या लावून घेणं, रात्री हिरडा-बेहड्याच्या झाडांखाली लोकांना टॉर्च बंद करायला लावणं, असं करत तो महिना गेला.

जून उजाडला आणि मी जागेच्या मागे लागले. डोक्यात दहा गुंठे आणि एक कौलारू घर होतं. अकोल्यातल्या वकिलांनी पहिल्याच भेटीत ते निकालात काढलं. एक तर महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागता, आणि मी नव्हते. दुसरं, हा सगळा पट्टा महादेव कोळी या आदिवासी समाजाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ सांगतं की आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गाने परवानगीशिवाय जात नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्यापुढे शासनाचीही मान्यता. परवानगीशिवाय झालेला व्यवहार उघडकीला आला तर जमीन मूळ मालकाला परत जाते. वर हे सगळं गाव कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत. म्हणजे नवं बांधकाम काढायचं तर वनखात्याकडे वेगळी वारी.

त्याच आठवड्यात एका एजंटचा फोन आला. "मॅडम, जमीन इथल्याच माणसाच्या नावावर ठेवू, तुमचा मागून साधा करार करून टाकू, सगळे असंच करतात." सगळे करत असतील. क्लेमच्या टेबलावर बारा वर्षं बसून 'मागून साधा करार' या प्रकाराचं काय होतं हे मी बघितलेलं आहे. आणि खरं सांगायचं तर मला तो कायदा पटतो. लोणावळ्याच्या बाजूला ज्या गावांत मी शाळेत असताना जायचे, तिथले मूळ मालक आता बंगल्यांवर वॉचमन आहेत.

मग जमिनीचा विषय सोडला आणि दादांना विचारलं: घर तुमचं, नाव तुमचं, परवाने वहिनींच्या नावाने. मी दोन खोल्या आणि संडास-बाथरूमचा खर्च करते, बुकिंग आणि हिशेब बघते, गाईड म्हणून जाते. खर्च फिटेपर्यंत खोल्यांच्या उत्पन्नातला निम्मा वाटा माझा, त्यानंतर तिसरा हिस्सा. दादा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "आधी पावसाळा काढा हितं," एवढंच म्हणाले.

काढला. हा सल्ला मी आता सगळ्यांना देते: एक छदाम खर्च करण्याआधी एक पूर्ण पावसाळा तिथे राहा. घाटघर-रतनवाडीचा पाऊस शनिवार-रविवारी बघायला येणं वेगळं आणि जुलैत सलग अंगावर घेणं वेगळं. वीज एकदा गेली की चार-चार दिवस येत नाही. कपडे चुलीवरच्या मांडवात वाळवायचे, त्यामुळे सगळ्याला धुराचा वास. मोबाइलला रेंज फक्त देवळामागच्या चढावर, तीही ढग खाली आले की जाते. लोकांची आवणी चाललेली असते, तेव्हा कोणाला तुमच्याशी गप्पा मारायला वेळ नसतो. मी आपणहून चिखलात उतरले. भाताची रोपं माझ्याकडून वाकडीच लागली. पण संध्याकाळी आजींनी, म्हणजे दादांच्या आईने, पहिल्यांदा माझ्यासाठी वेगळं ताट न वाढता सगळ्यांच्या पंगतीत बसवलं.

२ ऑक्टोबर २०२२ ला ग्रामसभा होती. हे गाव पेसा क्षेत्रात येतं, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा इथे लागू आहे, त्यामुळे ग्रामसभेला डावलून काही करायचं माझ्या मनातही नव्हतं. ठराव साधाच हवा होता: अमुक यांच्या राहत्या घरात पर्यटकांची सोय करण्यास हरकत नाही. दादांनी विषय मांडला आणि मागून एक म्हातारेबाबा उठले.

"बाई उद्या गेल्या तर?"

दादा म्हणाले, "गेल्या तर खोल्या हितंच ऱ्हातील."

"आन् ऱ्हायल्या तर?"

यावर हशा पिकला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दोन मागण्या पुढे आल्या. गावातल्या पोरांची गडावर जायची पाळी ठरलेली असते, ती मी मोडायची नाही. आणि गाईडचा दर गावाच्या दरापेक्षा कमी लावायचा नाही. दोन्ही मी लिहून दिल्या. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह त्याच आठवड्यात घेतली. ती लगेच मागून घ्या, कारण ग्रामसेवकांकडे तीन-चार गावं असतात आणि बदली झाली की वही शोधण्यापासून सुरुवात होते.

आमचा आपसातला करार पाचशेच्या मुद्रांकावर नोटरीसमोर केला. त्यात वकिलांनी मुद्दाम एक कलम घातलं की घर, जागा किंवा बांधकाम यांवर माझा कोणताही हक्क निर्माण होत नाही, मी केलेला खर्च ही हातउसनी रक्कम समजावी. ठाण्यातल्या मैत्रिणीला हे वेडेपणाचं वाटलं. मला त्याच कलमामुळे झोप लागते.

आता उताऱ्याची गोष्ट. इथे आमचे सगळ्यात जास्त महिने गेले.

दोन कागदांत लोकांची गल्लत होते. तलाठ्याकडचा आठ-अ हा जमिनीच्या खात्याचा. ग्रामपंचायतीकडचा नमुना ८ हा घराच्या कर आकारणीचा. गावठाणातल्या घरात होमस्टे करायचा तर तुम्हाला दुसरा लागतो. घर गावठाणात असल्यामुळे बिनशेतीच्या भानगडीत पडावं लागलं नाही, हा मोठा फायदा. पण नमुना ८ काढला तर घर दादांच्या वडिलांच्या नावावर. ते वारले १९९४ साली, आणि मृत्यूची नोंद कोणी केलेलीच नव्हती. वारस लावायचा तर मृत्यूचा दाखला हवा, आणि दाखला नोंदीशिवाय मिळत नाही.

वर्षाहून जुन्या मृत्यूची नोंद जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १३(३) खाली आदेश घेऊन करावी लागते. तेव्हा तो आदेश प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मिळायचा. २०२३ च्या दुरुस्तीपासून तो अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी यांच्याकडे गेला आहे, त्यामुळे आता कोर्टात जावं लागत नाही. आम्हाला लागलं. आधी ग्रामपंचायतीकडून 'नोंद आढळून येत नाही' असा दाखला, मग प्रतिज्ञापत्रं, दोन साक्षीदार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. नोव्हेंबर २०२२ मध्ये अर्ज, आदेश हातात फेब्रुवारी २०२३ मध्ये. वकील, नोटीस आणि जाण्या-येण्याचा खर्च मिळून साधारण नऊ हजार. एका तारखेला साक्षीदार म्हणून आलेले चुलते कोर्टाच्या आवारात बसून मला म्हणाले, "माणूस मेला तेव्हा येवढं कोणी ईचारलं नव्हतं."

त्यानंतर दादांच्या दोन बहिणींची संमतीपत्रं. त्यातली एक इगतपुरी तालुक्यात दिली आहे. तिच्या घरी जाऊन, जेवून, बाळाच्या हातावर पैसे ठेवून सही आणली. हे टपालाने होण्यासारखं काम नाही. मार्चच्या मासिक सभेत नमुना ८ वर दादांचं आणि आजींचं नाव लागलं.

काम मात्र आम्ही जानेवारीतच सुरू केलं होतं, कारण पावसाआधी कौलं चढायला हवीत. नवी इमारत नाही. जुन्या घराच्या बाजूच्या दोन पडव्या बंदिस्त करून खोल्या काढल्या. सगळ्यात जास्त पैसा जमिनीखाली गेला. संडासाच्या टाकीचा खड्डा दोन फूट गेला आणि खाली काळा पाषाण लागला. कुदळ मारली की ठिणगी उडायची, दगडावर नखाएवढा पांढरा ओरखडा. दोन गडी दिवसभर राबले तरी संध्याकाळी टोपलीभरसुद्धा खडी निघाली नव्हती. शेवटी राजूरहून ब्रेकर आणला, तो तासावर पैसे घेतो आणि येण्याचे वेगळे. टाकी, शोषखड्डा, दोन संडास-बाथरूम मिळून १ लाख ९० हजार. खोल्यांची दुरुस्ती, कौलं आणि फरशी १ लाख ७० हजार. पाण्याच्या टाक्या, पाईप आणि लहानशी सोलर यंत्रणा ८५ हजार. गाद्या, चादरी, भांडी ४० हजार. अंदाजपत्रक करणार असाल तर वाहतुकीचा रकाना वेगळा धरा. भंडारदऱ्यापर्यंतचा भाव आणि वाडीपर्यंतचा भाव यात बराच फरक पडतो.

परवान्यांपैकी सगळ्यात सोपा निघाला खाद्यपदार्थांचा. तेव्हा बारा लाखांच्या आत उलाढाल असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, फक्त नोंदणी लागायची, वर्षाला शंभर रुपये. त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर वहिनींचा फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा चढवला, पाच वर्षांचे पाचशे भरले. रेंजसाठी देवळामागच्या चढावर बसून ओटीपीची वाट बघणं एवढाच त्रास. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची सरकारी नोंद, फुकट आहे. ती करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहा.

पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी दोघींची केली, वहिनींची आणि माझी. माझी ठाण्याच्या पत्त्यावरून जायची असल्याने ती जास्त रेंगाळली. पाहुण्यांची नोंदवही, ओळखपत्राची प्रत, आणि परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरणं (तेव्हा तो सी फॉर्म होता). या तिन्ही गोष्टी तिथल्या हवालदारांनी खुर्चीवर बसवून समजावून सांगितल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या घरच्यांना माहीत आहे ना, तुम्ही इथे आहात ते?" मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते.

न्याहारी-निवास (बेड अँड ब्रेकफास्ट) योजनेसाठीचा अर्ज पर्यटन संचालनालयाच्या नाशिक कार्यालयात दिला, एप्रिल २०२३ मध्ये. नमुना ८, ग्रामसभेचा ठराव, पोलीस दाखला, खोल्यांचे फोटो, वहिनींच्या सहीचं हमीपत्र. पाहणीला यायची तारीख दोनदा पुढे गेली, एकदा पावसामुळे रस्ता बंद झाला म्हणून. प्रमाणपत्र सप्टेंबरात आलं. नाशिक आमच्यापासून लांब, त्यामुळे फाइल नेताना प्रत्येक कागदाच्या तीन प्रती आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परतायचं नाही, हा आमचा नियम. साहसी पर्यटनाचं धोरण शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये आणलं, त्याखाली मी ट्रेकिंगसाठी वेगळा अर्ज केला. त्यात आधी तात्पुरती नोंदणी मिळते आणि पाहणीनंतर पक्की. प्रशिक्षणाचा दाखला, प्रथमोपचाराचा दाखला आणि पाहुण्यांचा विमा विचारतात. उत्तरकाशीचा कागद तिथे लागला.

गाईडचं काम म्हणजे रस्ता दाखवणं नव्हे हे मला दादांच्या मागून चालताना कळलं. गड मला माहीत होता: ओढा, जंगलातली चाल, शिड्या, दरवाजे, वर नेढं (कड्यातलं आरपार भोक), उतरायला साम्रदकडचा त्र्यंबक दरवाजा. दादांना माहीत असतं ते वेगळं. कोणत्या कड्याला यंदा आग्या मोहोळ बसलंय आणि म्हणून तिथे कोणी सेंट मारून जायचं नाही. शिडीखाली गर्दी झाली की कोणाला आधी चढवायचं. सप्टेंबरात सोनकी फुलते तेव्हा माणसं फोटोच्या नादात मागे सरकतात, तेव्हा आपण कुठे उभं राहायचं. सांदण दरीला पावसाळ्यात नाही म्हणजे नाही, समोरचा कितीही पैसे देत असो. वर ढग दिसत नसतानाही घळीत पाणी येऊ शकतं. या एका 'नाही'मुळे आमची बुकिंगं गेली आहेत आणि दोन वाईट रिव्ह्यूही मिळाले आहेत.

पाळीचा नियम मी पाळते. गट आला की मुख्य गाईड गावातला, ज्याची पाळी असेल तो, दिवसाचे बाराशे त्याचे. मी शेवटी चालते. मोठ्या गटाला दोघं लागतातच, तेव्हा माझे पैसे वेगळे. लहान गट असेल तर मी जातच नाही, घरी हिशेब करते. शहरातून येऊन इथे गाईड होऊ पाहणाऱ्यांना हे आवडत नाही. ज्याच्या आजोबांनी ती वाट पाडली त्याला शंभर रुपयांनी पाडून आपण काम मिळवायचं, हे मला जमणार नाही.

पहिले पाहुणे २०२३ च्या काजव्यांच्या हंगामात आले, नात्यातले आणि ओळखीचे, ज्यांच्याकडून आम्ही फक्त जेवणाचे पैसे घेतले. खरे दर लावले ते प्रमाणपत्र आल्यावर: माणशी चौदाशे, दोन जेवणं, नाश्ता, चहा. जेवणात नागलीची भाकरी, काळभात, पिठलं, खुरासणीची चटणी. सुरुवातीला मी पनीर ठेवावं म्हणत होते. वहिनींनी एकदा करून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्ये लोक पनीर खायला येवढा घाट चढून येतील व्हय?" विषय संपला. पाहुण्यांना वाईट वाटेल म्हणून नियम सैल करायची माझी सवयही त्यांनीच मोडली. रात्री नऊनंतर स्पीकर लावणाऱ्या एका गटाला त्यांनी शांतपणे जाऊन सांगितलं की आजी झोपल्यात. गटाने स्पीकर लगेच बंद केला. मी सांगितलं असतं तर वाद घातला असता.

पैशांचं खरं चित्र असं: जुलै ते ऑक्टोबर शनिवार-रविवार भरलेले, डिसेंबर-जानेवारी बरे, मे अखेर ते जूनचा मध्य काजव्यांमुळे ओसंडणारा. फेब्रुवारी ते एप्रिल जवळपास कोरडे. पहिल्या पूर्ण वर्षात माझ्या वाट्याला ठाण्याच्या पगाराचा चौथा हिस्सासुद्धा आला नाही. खर्च कमी म्हणून निभावतं. ज्यांच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे त्यांनी निदान दोन वर्षांची बेगमी असल्याशिवाय येऊ नये.

२०२३ मध्येच राज्याने महिलांसाठी 'आई' पर्यटन धोरण आणलं. महिलेच्या मालकीच्या नोंदणीकृत पर्यटन व्यवसायाला पंधरा लाखांपर्यंत कर्ज, हप्ते वेळेत भरले तर बारा टक्क्यांच्या मर्यादेत व्याजाचा परतावा. सगळे परवाने वहिनींच्या नावाने असल्यामुळे आम्ही त्यात बसलो. बँकेत मात्र तारणावरून अडलं. मॅनेजर नवे होते, त्यांना धोरणाचा शासन निर्णय छापून नेऊन दाखवावा लागला. वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा चार पानांवर सह्या केल्या आणि प्रत्येक पान मला वाचून दाखवायला लावलं. मार्च २०२४ मध्ये तीन लाख मंजूर झाले. त्यातून कौलांखालचा मांडव आणि आणखी एक पाण्याची टाकी झाली, आणि माझ्या उसन्या रकमेचा काही भाग फिटला. शबरी आदिवासी महामंडळाचीही कर्जं आहेत. तुमचं यजमान कुटुंब आदिवासी असेल तर राजूरच्या प्रकल्प कार्यालयात आधी चौकशी करा. आम्हाला ते उशिरा कळलं.

मध्यंतरी तिसऱ्या खोलीवरून चर्चा चालू होती. बँक द्यायला तयार, पाहुणे यायला तयार, दादाही तयार. एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी तळाला गेलं, वाडीतल्या बायका पहाटे चारला नंबर लावायला लागल्या, आणि आमच्या टाकीत मात्र पाहुण्यांच्या आंघोळीसाठी पाणी राखून ठेवलेलं. वहिनींनी ते पाणी वाटून टाकलं, त्या शनिवारचं बुकिंग मला रद्द करायला लावलं आणि तिसरी खोली होणार नाही असं सांगून टाकलं. घर त्यांचं, परवाना त्यांच्या नावाने. मी पाहुण्यांचे पैसे परत पाठवले आणि पुढच्या वर्षीपासून पंधरा मार्च ते पंधरा मे बुकिंग बंद, असं कॅलेंडरवर टाकलं.